परमिट रूमच्या आधी

१९५९ साली हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. हैदराबाद संस्थान मोडून मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला त्याला जेमतेम तीन वर्षे होत होती. त्या वर्षी मुंबईच्या विधिमंडळाने केलेल्या बाराव्या कायद्याने दोन कामे एकदम उरकली. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा जिथे अजून पोचला नव्हता त्या मुलखाला, म्हणजे मराठवाड्यालाही, तो लागू केला. आणि त्याच दमात रक्त तपासण्याची कलमे त्यात घातली. संशय आला की पोलिसांनी माणसाला डॉक्टरपुढे उभे करायचे, डॉक्टरने रक्त काढायचे, आणि त्यात मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.०५ किंवा त्याच्या वर निघाले तर ‘मी दारू नव्हे, औषध घेतले होते’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसाच्याच डोक्यावर.

हिंगोलीच्या कयाधू नदीकाठच्या माणसाला या कलमाचा अर्थ लागणे अवघडच होते. इकडे शिंदी पिणारा शिंदी म्हणूनच पीत होता, मोहाची पिणारा मोहाची म्हणून. औषध प्यालो असे सांगण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. ती पळवाट मुंबईची, ती बुजवण्याची घाई मुंबईची, आणि त्या पळवाटेमागे वीस वर्षांचे भांडणही मुंबईचेच. मराठवाड्याला त्या भांडणाचा फक्त निकाल मिळाला.

ते भांडण सांगण्यासारखे आहे, कारण त्यात एक गंमत आहे. ‘आम्हाला प्यायचा हक्क आहे’ असे जे उघड म्हणाले ते कोर्टात हरले. सरकारच्या पायात पाय अडकवला तो घरभाड्यावरच्या कराने, फसलेल्या अधिसूचनेने, कोलन वॉटरने आणि टॉनिकच्या बाटलीने.

सुरुवात दारूबंदीपासून नाही, आबकारीपासून करावी लागते. १८७८ साली मुंबई सरकारने आबकारी कायदा केला. त्याआधी कोकणात आणि दक्षिण गुजरातेत ताड-माड छेदणे आणि मोहाची फुले कुजवून घरच्या घरी दारू गाळणे ही रोजच्या जगण्यातली बाब होती. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने जी व्यवस्था बसवली तिच्यात ताडीच्या झाडावर कर आला, दारू गाळण्याचे काम मोजक्या ठिकाणी गोळा झाले आणि विक्रीचे मक्ते निघाले. मुंबईला मोहाची दारू पुरवणारे उरण हे अशा भट्ट्यांचे मोठे ठाणे. तिथले बरेच भट्टीवाले पारशी होते. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला आणि ज्या फुलांवर आदिवासींचा उन्हाळा निघायचा त्या फुलांच्या साठ्यावर बंधने आली. सरकारचा हेतू लोकांनी पिऊ नये असा नव्हता. त्यांनी सरकारला पैसे देऊन प्यावे एवढाच होता.

या व्यवस्थेत दोन जाती-जमाती विशेष अडकल्या. भंडारी समाज झाडावर चढत होता, पारशी समाजातले अनेकजण दुकान आणि मक्ता सांभाळत होते. दारूवाला, ताडीवाला ही आडनावे उगाच आलेली नाहीत. दारूवर बंदी म्हणजे पहिल्याच्या पोटावर पाय आणि दुसऱ्याच्या पोटावर तर पायच, शिवाय ताटातल्या पेल्यावरही. पारशी लग्नाच्या मेजवानीत पेला हा लाजेचा विषय नव्हता.

मराठी मध्यमवर्गाचे मन मात्र तोवर दुसरीकडे तयार होत होते. पुण्यात दारूची दुकाने वाढवायला महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये नगरपालिकेकडे लेखी विरोध केला होता. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यातल्या दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. गिऱ्हाइकाला हात जोडून परत फिरवणे एवढेच त्यांचे काम. सरकारने त्या हात जोडणाऱ्यांवर खटले भरले. म्हणजे तेव्हा रस्त्यावर उभे राहण्याची मनाई दारू पिणाऱ्याला नव्हती, पिऊ नका म्हणणाऱ्याला होती. पुढे १९१९ मध्ये गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे ‘एकच प्याला’ हे दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या संसाराचे नाटक रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची सिंधू पाहून डोळे पुसत बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला दारूच्या बाजूने कुणी काही बोलू शकते ही कल्पनाच सहन होण्यासारखी नव्हती. दारूबंदीच्या विरोधाला मराठीत प्रतिष्ठित आवाज फारसा का मिळाला नाही, याचे निम्मे उत्तर त्या नाटकात आहे असे मला वाटते.

पारशांच्या मनातली भीती मात्र नाटकातून आलेली नव्हती. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला. काँग्रेसचा बहिष्कार होता, तरी स्वागताला जे गेले त्यांत पारशी बरेच. परतणाऱ्या लोकांवर जमावाने हल्ले केले, पारशांच्या टोप्या उडवल्या आणि दारूची दुकाने फोडून जाळली. चार-पाच दिवस दंगल चालली, पन्नासहून अधिक माणसे मेली. गांधीजींनी मुंबईतच उपोषण केले आणि आपल्याच अनुयायांना खडे बोल सुनावले. पण दारूच्या दुकानावरचा दगड आणि पारशी माणसावरचा दगड यांत जमाव फरक करत नाही, ही गोष्ट त्या समाजाच्या लक्षात राहिली ती कायमची.

१९३७ च्या निवडणुकांनंतर काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. तीन वर्षांत दारूबंदी करायची असे पक्षाने ठरवले. मद्रास इलाख्यात राजाजींनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेलम जिल्ह्यापासून सुरुवात केली. मुंबईत बाळासाहेब खेर पंतप्रधान होते (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसेच म्हणत) आणि आबकारी व आरोग्य ही दोन्ही खाती होती डॉ. मंचरशा गिल्डर यांच्याकडे. गिल्डर हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर, गांधीजींना तपासणारे, आणि स्वतः पारशी. दारू बंद करायचे काम एका पारशाच्या हातून व्हावे हे योगायोगाने घडले की हिशेबाने, कोण जाणे. समाजाच्या रागाला मात्र एक ठरलेला पत्ता मिळाला.

जुलै १९३८ मध्ये अहमदाबाद कोरडे झाले. नंतर पाळी मुंबई शहराची. अडचण तत्त्वाची नव्हती, तिजोरीची होती. प्रांताच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा आबकारीतून येत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ सालीच कायदेमंडळात हा हिशेब मांडून दाखवला होता: सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि आबकारीतून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करते. ते उत्पन्न सोडायचे तर पैसे आणायचे कुठून? सरकारने मोठ्या शहरांतल्या घरांच्या आणि इमारतींच्या वार्षिक भाड्याच्या किमतीवर दहा टक्के कर बसवला.

इथे विरोधाला खरे बळ आले. दारू पिण्याच्या हक्कासाठी चौकात उभे राहणे कुणालाही जड गेले असते. घरावरच्या करासाठी उभे राहायला कसली लाज? पारशी मालमत्ताधारक तर होतेच, मुस्लिम घरमालकही आले, मुस्लिम लीगने आवाज उठवला. जो मुसलमान दारूला शिवत नाही त्याने दुसऱ्याची दारू सुटावी म्हणून कर का भरावा, हा युक्तिवाद बिनतोड होता. सर बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने या कराला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, कर टिकला. काँग्रेसच्या घरातूनही कुरबुर निघाली. सुभाषचंद्र बोसांनी मुंबईच्या या घाईवर जाहीर टीका केली. तेव्हा त्यांचे आणि काँग्रेसच्या वरिष्ठांचे आधीच फाटलेले होते, त्यात ही भर पडली. गांधीजी ‘हरिजन’मधून पारशांना समजावत होते: तुमच्या समाजाच्या दानशूरपणाला हा धंदा शोभत नाही, थोडे सोसा.

१ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. ती पुरते तीन महिने काँग्रेसच्या हाताखाली चालली म्हणायला हरकत नाही, पण चौथा लागताच सगळे उलटले. सप्टेंबरात महायुद्ध पेटले, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधात नोव्हेंबरमध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कारभार गव्हर्नरकडे गेला. १९४० मध्ये चिनुभाई लालभाई यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की जुन्या आबकारी कायद्याच्या आधाराने काढलेली दारूबंदीची अधिसूचना कायद्याच्या कसोटीला उतरत नाही. सभा, ठराव, शिष्टमंडळे यांना जे जमले नाही ते एका कलमाच्या वाचनाने झाले. गव्हर्नरने कायदा दुरुस्त केला, पण दारूबंदीतला जीव गेला होता. पिठे पुन्हा उघडले.

त्या पराभवातून काँग्रेसने धडा घेतला तो एवढाच की पुढच्या वेळी अधिसूचनेवर विसंबायचे नाही, सबंध कायदाच नवा करायचा.

मधल्या काळात मराठवाड्यात याच्या नेमके उलटे चित्र होते. निजामाच्या राज्यात आबकारी हे तिजोरीचे मोठे साधन. फसली सन १३१६ चा हैदराबादचा स्वतंत्र आबकारी कायदा होता, गावोगाव गुत्ते होते आणि गुत्तेदार हा सरकारदरबारी वजन असलेला माणूस होता. १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याचा लढा पुकारला. त्यात करोडगिरीची नाकी उठवणे, जंगल सत्याग्रह, साराबंदी यांच्या बरोबरीने शिंदीची झाडे तोडणे हाही एक कार्यक्रम होता. ओढ्याकाठची, बांधावरची शिंदी रातोरात आडवी व्हायची. कुऱ्हाड पडायची ती झाडावर, पण नेम निजामाच्या महसुलावर. हिंगोली, कळमनुरी, वसमतचा हा पट्टा पैनगंगेच्या काठाने वऱ्हाडाला लागून. नदी ओलांडली की कार्यकर्त्याला आसरा होता. मुंबईत दारूबंदीला विरोध हे सरकारविरोधाचे रूप होते, तर मराठवाड्यात शिंदी तोडणे हे. सरकार कोणाचे यावर सारे अवलंबून.

१९४६ मध्ये खेर पुन्हा आले आणि त्यांच्याबरोबर गृह व महसूल खात्यांवर मोरारजी देसाई. या वेळी टप्प्याटप्प्याने दारू कमी करत न्यायची योजना झाली. १९४९ चा पंचविसावा कायदा १६ जून १९४९ पासून अमलात आला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी. ६ एप्रिल ही राष्ट्रीय सप्ताहाच्या सुरुवातीची तारीख.

कायदा मोठा कसून लिहिला होता. दारू करणे, विकणे, नेणे, बाळगणे, पिणे सगळे गुन्हा. दारूची शिफारस करणे हाही गुन्हा. प्यायला परवाना लागे, आणि तो मिळवायचा तर दारू न मिळाल्यास तब्येत गंभीरपणे बिघडेल असे वैद्यकीय प्रमाणपत्र हवे, किंवा माणूस परदेशी हवा. परवाना मिळाला तरी सार्वजनिक जागी किंवा हॉटेलच्या ज्या भागात लोकांचा वावर आहे तिथे पेला उचलायचा नाही. घरी आलेल्या पाहुण्याला, त्याच्याजवळ तसाच परवाना नसेल तर, पाजायची नाही. ‘परमिट रूम’ हा आज मराठी माणसाच्या तोंडी सहज बसलेला शब्द या कलमांतून निघाला: परवानेवाल्यांनी बसायची वेगळी खोली, जिथे बाकीच्या लोकांना प्रवेश नाही.

फ्राम नसरवानजी बलसारा या पारशी गृहस्थांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. तो वाचण्यासारखा आहे. राज्यघटना अमलात येऊन काही महिनेच झाले होते आणि मूलभूत हक्कांची नवी कोरी यादी हाताशी होती. भारतीय नागरिक या नात्याने बलसारांनी मागितले काय? व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन, ओ द कोलोन, लव्हेंडर वॉटर आणि मद्यार्क असलेली औषधे जवळ बाळगण्याचा, वापरण्याचा आणि सेवन करण्याचा हक्क. आणि सरकारने त्यात आडवे येऊ नये असा आदेश. यादीतला क्रम बघा. आधी पेला, मग अत्तर, मग औषध. वकिली डोके त्या शेपटात होते.

मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी २२ ऑगस्ट १९५० रोजी कायद्याची बरीच कलमे रद्द ठरवली. सरकार आणि बलसारा दोघेही वर गेले. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती फझल अली यांचे. दारू बंद करण्याचा राज्याचा अधिकार शाबूत राहिला. परदेशी प्रवाशांना, लष्कराच्या भोजनगृहांना आणि युद्धनौकांना दिलेल्या सवलतीही समतेच्या विरुद्ध नाहीत असे ठरले. म्हणजे व्हिस्कीचे भांडण बलसारा हरले. पण मद्यार्क असलेली औषधे आणि अत्तरे बाळगण्यावर, वापरण्यावर सरसकट बंदी घालणे अवाजवी म्हणून ती बंदी गेली. दारूची शिफारस करणे हा गुन्हाही गेला, कारण ते भाषणस्वातंत्र्यात मोडते. भारतात दारूची तारीफ करण्याचा हक्क घटनेने मिळाला, पिण्याचा नाही.

निकालानंतर चार दिवसांनी, २९ मे १९५१ च्या रात्री, कुलाब्यात कफ परेडवर एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम पेसिकाका, मुंबईचे प्रादेशिक परिवहन अधिकारी. म्हणजे दुसऱ्यांचे वाहन परवाने ज्या खात्याच्या हाताखालून जात त्या खात्यातलेच. त्यांच्या तोंडाला दारूचा वास होता. डॉक्टरी तपासणी झाली, दारूबंदी कायद्याखालीही खटला भरला गेला. पेसिकाकांचा बचाव असा की त्यांनी बी. जी. फॉस हे टॉनिक घेतले होते, आणि त्या टॉनिकात मद्यार्क असतो.

हा बचाव महिनाभर आधी हास्यास्पद ठरला असता. बलसारा निकालाने त्याला धार आली. औषधातला मद्यार्क घेणे जर गुन्हाच नाही, तर नाकाला आलेला वास दारूचा की औषधाचा हे कुणी सांगायचे? खालच्या कोर्टाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर १९५४ मध्ये ते सुटले. बंदी असलेलीच दारू घेतली होती हे सिद्ध करणे सरकारी पक्षाचे काम आहे, आरोपीचे नाही, असे न्यायालय म्हणाले. घटनेविरुद्ध ठरलेले कलम संसदेच्या वा कोर्टाच्या दृष्टीने किती मेले, किती जिवंत, यावर वकिलांच्या पिढ्यांनी पुढे या निकालावरून वाद घातला. मुंबईच्या पोलिसाला त्याचा अर्थ सोपा होता: तोंडाच्या वासावर आता कुणी अडकत नाही.

औषधांच्या दुकानांना बरकत आली. आल्याचा अर्क असलेल्या टिंक्चरचा खप एखाद्या शहराला एवढे अजीर्ण कसे होते असा प्रश्न पडावा इतका वाढला. पण टिंक्चर ही त्यातल्या त्यात सभ्य वाट. खरा महापूर हातभट्टीचा. धारावीपासून कल्याणपर्यंत नाल्यांच्या काठी पिंपे पुरली गेली, सडवा मुरू लागला, आणि मोटारीच्या नाहीतर सायकलच्या ट्यूबमध्ये भरलेली दारू लोकलमधून, सायकलवरून शहरात येऊ लागली. गिरगाव, माझगाव, वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्त्यांत ‘आंटी’च्या घरची बाहेरची खोली म्हणजे गुत्ता झाला. बाकावर बसायचे, नवटाक मागायची, सोबत उकडलेले अंडे नाहीतर चणे, आणि चूपचाप उठून जायचे. गोवा आणि दमण पोर्तुगीजांकडे असल्याने तिकडची चांगली बाटलीही वाट काढत येतच होती. सार्वजनिक पिण्यावर बंदी घातल्याने पिणे घरात गेले हे खरे, पण ते आंटीच्या घरात गेले.

या सगळ्यावर सर्वांत रोखठोक बोलले ते पुन्हा आंबेडकर. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी उठवावी अशी थेट मागणी आहे. देश गरीब, शिक्षणाला पैसा नाही, आणि हातचा महसूल सोडून वर पोलिसांवर खर्च करायचा हा वेडेपणा आहे. शिवाय दारू गाळणे हा आता घरगुती उद्योग झाल्याने पूर्वी जिथे पुरुषच पीत तिथे ती बायकापोरांच्या समोर, त्यांच्या हातांत आली आहे, असा तो युक्तिवाद. स्वतः दारूला न शिवणाऱ्या माणसाने हे म्हणावे यात त्याचे वजन आहे. प्यायचा हक्क, पारशांच्या चालीरीती, घटनेतली कलमे यांतले काहीच त्याला लागत नाही. फक्त जमाखर्च आणि दलित वस्तीतला अनुभव. दारूबंदीच्या विरोधकांनी वीस वर्षांत जे काही मांडले त्यात मला हीच बाजू सर्वांत मजबूत वाटते, आणि तिचीच चर्चा सर्वांत कमी झाली. भट्टीमागे बसलेल्या माणसाला खटल्यासाठी बडे वकील परवडत नव्हते, एवढेच याचे कारण असावे.

भंडाऱ्यांसाठी सरकारने नीरेचा उपाय काढला. पहाटे उतरवलेला गोड रस आंबण्याच्या आत विकायचा. स्टेशनांबाहेर नीरा केंद्रे उभी राहिली, काही चांगली चाललीही. पण झाड तेच, मडके तेच, आणि ऊन चढले की नीरेची ताडी व्हायला कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही.

एवढे सगळे झाल्यावर १९५९ चा तो बारावा कायदा आला. बी. जी. फॉसच्या बाटलीने पाडलेले भगदाड रक्ताच्या तपासणीने बुजवायचे होते. ०.०५ चा आकडा ओलांडला की आता औषधाची कहाणी सिद्ध करायला आरोपीलाच लावायचे. त्याच कायद्याच्या गाडीत बसून दारूबंदी हिंगोलीला आली, परभणी-नांदेडला आली. ज्या लोकांनी बारा वर्षांपूर्वी निजामाचा महसूल बुडवायला शिंदी तोडली होती त्यांच्या गावात आता स्वतःच्या सरकारचा पोलीस शिंदीचे मडके शोधत आला. गुत्तेदार अडचणीत आला, हातभट्टीवाला कामाला लागला. ओढ्याच्या काठाने, गावापासून हाकेच्या अंतरावर, मोहाचा नाहीतर गुळाचा सडवा मुरू लागला. रक्त काढायला सरकारी डॉक्टर लागतो, आणि तो तालुक्याच्या गावी. खेड्यातून माणसाला तिथवर नेईपर्यंत पोलिसाची आणि त्याची दोघांचीही नशा उतरायची.

उलटी चाल सुरू झाली ती वसंतराव नाईकांच्या काळात. ते १९६३ च्या डिसेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. बंदी उठवली असे त्यांच्या सरकारने कधी म्हटले नाही. परवाने मिळायला सोपे झाले, १९६८ मध्ये ताडीच्या दुकानांचे नियम आले, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूचे दुकान गावोगाव दिसू लागले. १९४९ चा कायदा रद्द झाला नाही. त्यातली अपवादाची कलमे फुगत गेली आणि नियम आत दबून राहिला. आजही महाराष्ट्रात कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो आणि त्या परवान्यावर कारण लिहिलेले असते: आरोग्याचे रक्षण आणि जतन. बलसारांच्या यादीच्या शेपटाला असलेले औषध असे पुढे येऊन बसले. हा कागद खिशात बाळगून परमिट रूममध्ये शिरणारे किती, हे हिंगोलीतल्या कुठल्याही वेटरला विचारावे.

बंदीच्या बाजूची माणसेही बदलली. गांधीवादी मंत्र्यांऐवजी ती गावातल्या बायका झाली. २००८ पासूनच्या नियमांनुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या पाव हिस्सा महिला मतदारांनी मागणी केली, किंवा ग्रामसभेने ठराव केला, की गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. पण आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. त्यामुळे दुकान वाचवणाऱ्याला उभ्या बाटलीचा प्रचार करायची गरजच पडत नाही. बायकांना त्या दिवशी घरात किंवा शेतात अडकवून ठेवले की झाले. मजुरीच्या हंगामात मतदान आले तर तेवढेही करावे लागत नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर तेच नाट्य अलीकडे चंद्रपूरला झाले. १ एप्रिल २०१५ पासून तिथे दारूबंदी आली. गडचिरोलीत ती १९९३ पासून होती, वर्ध्यात १९७५ पासून. सहा वर्षांत अवैध विक्री, बनावट दारू, बुडालेला महसूल आणि पोलिसांवरचा ताण या तक्रारी जमल्या. मुंबईच्या १९५१ च्या वर्तमानपत्रांतून उचलून ठेवल्यासारख्या. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल आला आणि २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने बंदी उठवली. प्यायचा हक्क या मुद्द्यावर तिथेही कुणी अडून बसले नाही. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत बंदी कायम राहिली. चंद्रपुरात परमिट रूमच्या पाट्या पुन्हा रंगवल्या गेल्या आणि परवान्याचे अर्ज त्याच १९४९ च्या कायद्याखाली नव्याने भरले गेले.